दहावीचे गुण : चाळणी की सोनाराचा काटा?

दहावीचा निकाल लागला की शाळेत दोन प्रकारचे पालक येतात. काही पेढे घेऊन येतात, काही प्रश्न घेऊन. प्रश्न बहुधा एकच असतो : "एवढ्या टक्क्यांना अमुक कॉलेज मिळेल का?" शिक्षक गेल्या वर्षीची यादी आठवतात, अंदाज सांगतात आणि पालक समाधानाने किंवा काळजीने परत जातात.

आमच्यापैकी एका बाईंकडे काही वर्षांपूर्वी आलेल्या मुलीचा प्रश्न मात्र वेगळा होता. तिला ५०० पैकी ४६७ गुण होते. तिला हव्या असलेल्या कॉलेजची यादी ४६८ वर थांबली. ती रडली नाही, भांडलीही नाही. तिने शांतपणे विचारले, "बाई, त्या एका गुणात असे काय होते, जे मला येत नव्हते?"

बाईंना उत्तर देता आले नाही. आम्हालाही सुचले नाही. प्रश्न भावनेचा वाटला तरी तो मुळात मोजमापाचा आहे, आणि मोजमाप हा तर विज्ञानशिक्षकांच्या रोजच्या व्यवहारातला विषय. म्हणून दहावीच्या गुणांकडे एक मोजमाप म्हणूनच पाहावे, असे आम्ही ठरवले.

लघुतम माप आणि खरी अचूकता

राज्य मंडळाच्या दहावीत प्रत्येकी १०० गुणांचे सहा विषय असतात. २०१० पासून त्यांपैकी सर्वांत चांगल्या पाच विषयांचे, म्हणजे ५०० पैकी गुण धरले जातात. तेव्हा एक गुण म्हणजे ०.२ टक्के. अकरावीच्या गुणवत्ता यादीत एवढ्या फरकाने माणसे वरखाली होतात. आपल्या मोजपट्टीचे लघुतम माप ०.२ टक्के आहे, असे म्हणू या.

पण लघुतम माप आणि अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिजिटल स्टॉपवॉच सेकंदाचा शंभरावा भाग दाखवते. ते हातात धरून आपण मुलांच्या शर्यतीची वेळ घेतो, तेव्हा पाहणे आणि बटण दाबणे यांतच सेकंदाचा सुमारे पाचवा भाग जातो, आणि तोही दर वेळी सारखा नसतो. घड्याळ १३.४२ आणि १३.४५ असे आकडे दाखवते म्हणून पहिला मुलगा नक्की जोरात धावला, असे कोणताही जाणता क्रीडाशिक्षक म्हणणार नाही. प्रयोगवहीत वाचनापुढे त्रुटी लिहिण्याचा आग्रह आपण धरतो तो यासाठीच. मग गुणपत्रिकेतील ४६७ या वाचनाची त्रुटी किती?

तपासणाऱ्याचा हात

हा प्रश्न नवा नाही. १८८८ मध्ये इंग्लंडमधील अर्थशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ एजवर्थ यांनी परीक्षांवर एक निबंध लिहिला. खगोलशास्त्रज्ञांच्या निरीक्षणांत जशा चुका असतात तशाच परीक्षकाच्या गुणांतही असतात आणि त्यांना तेच गणित लागू पडते, हा त्यांचा मुद्दा होता. १९१२ मध्ये अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोघांनी इंग्रजीच्या उत्तरपत्रिकेच्या प्रती शंभरांहून अधिक शाळांतील शिक्षकांकडे तपासायला पाठवल्या. एकाच उत्तरपत्रिकेला कोणी ५० च्या आसपास गुण दिले, तर कोणी नव्वदीच्या पुढे. "भाषेत असे व्हायचेच, गणितात होणार नाही," असा आक्षेप आला. पुढच्याच वर्षी त्यांनी भूमितीच्या उत्तरपत्रिकेवर तोच प्रयोग केला, तर तफावत आणखी मोठी निघाली! रीतीचे गुण किती द्यायचे, अस्वच्छ आकृतीचे किती कापायचे, यावर शिक्षकांचे एकमत नव्हते.

परीक्षकाचे स्वतःशी तरी एकमत असते का? १९३५ मध्ये हार्टॉग आणि ऱ्होड्स यांनी इंग्लंडमध्ये तेही पाहिले. इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका १४ परीक्षकांनी वर्ष-दीड वर्षाच्या अंतराने दुसऱ्यांदा तपासल्या. अशा २१० निर्णयांपैकी ९२ वेळा परीक्षकाने स्वतःचाच आधीचा निकाल बदलला.

आपली आजची पद्धत याहून पुष्कळ सुधारलेली आहे, हे आम्ही मान्य करतो. आदर्श उत्तरे दिलेली असतात, गुणांची विभागणी ठरलेली असते, वस्तुनिष्ठ प्रश्न असतात, परीक्षकावर मॉडरेटर असतो. गुणपडताळणी, छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन यांची सोय आहे. पण ज्यांनी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासले आहेत त्यांना ठाऊक आहे की सकाळचा हात आणि संध्याकाळचा हात सारखा राहत नाही. पाच कच्च्या उत्तरपत्रिकांनंतर आलेली बरी उत्तरपत्रिका उत्तम वाटू लागते. शिवाय तपासणी निर्दोष झाली तरी मुलाकडची अनिश्चितता उरतेच : त्या दिवशीची प्रकृती, निवडून आलेले प्रश्न, घाईत सुटलेला एक उपप्रश्न.

आता थोडे गणित करू. सर्व कारणे मिळून एका विषयात सरासरी ३ गुणांची त्रुटी आहे, असे समजू. हा आकडा आम्ही उदाहरणासाठी घेतला आहे, आणि तो कमीच धरला आहे. पाच विषयांतील त्रुटी एकमेकींवर अवलंबून नसतील तर त्या थेट मिळवायच्या नसतात. काही वर जातात, काही खाली. एकूण त्रुटी येते ३ × √५, म्हणजे सुमारे ६.७ गुण. दोन मुलांची तुलना करताना दोघांच्याही त्रुटी मोजाव्या लागतात, म्हणून ६.७ × √२, म्हणजे सुमारे ९.५ गुण.

याचा अर्थ काय? ढोबळमानाने, एका मुलाला दुसऱ्यापेक्षा २५ गुण अधिक असतील तर पहिला खरोखर पुढे असण्याची शक्यता १०० पैकी ९९ हून जास्त. फरक १० गुणांचा असेल तर ती सुमारे ८५. आणि फरक एकाच गुणाचा असेल तर सुमारे ५४ विरुद्ध ४६. नाणेफेक याहून फारशी वेगळी नसते!

मोजपट्टीच बदलली तर

आतापर्यंत आपण मोजपट्टी तीच आहे असे धरून चाललो. प्रत्यक्षात ती अधूनमधून बदलते. राज्य मंडळाच्या दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के लागला. २०१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांतील अंतर्गत गुण काढून टाकण्यात आले. अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिकेचे स्वरूपही त्याच वर्षी नवे होते. निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. २०२० मध्ये अंतर्गत गुण परत आले, टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे गुण सरासरीने दिले गेले, आणि निकाल ९५.३० टक्के लागला. २०२१ मध्ये परीक्षाच झाली नाही. नववीचे गुण आणि दहावीचे अंतर्गत मूल्यमापन यांवरून ९९.९५ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले. पैकीच्या पैकी, म्हणजे १०० टक्के गुण मिळवणाऱ्यांची संख्या या चार वर्षांत अनुक्रमे १२५, २०, २४२ आणि ९५७ अशी होती.

२०१९ ची मुले आधीच्या मुलांपेक्षा मंद होती आणि २०२१ ची मुले असामान्य होती, असे कोणीच म्हणणार नाही. वजनकाट्यावर एका आठवड्यात बारा किलोंचा फरक दिसला तर आपण आधी काट्याकडे पाहतो. गुणांच्या बाबतीत मात्र आपण मुलांकडे पाहतो.

"सर्वांचेच गुण वाढले किंवा घटले तर बिघडले कुठे? क्रम तर तोच राहतो," असे कोणी म्हणेल. यात तथ्य आहे. प्रवेश गुणांवर मिळत नाही, क्रमावर मिळतो. पण दोन अडचणी आहेत. पहिली, सगळे गुण वरच्या टोकाला गोळा झाले की मोजपट्टी संपते. ताप मोजण्याची काचेची तापमापी ४२ अंशांवर थांबते. त्यापुढे कोणाला किती ताप आहे ते ती सांगू शकत नाही. दिल्ली विद्यापीठात हेच झाले. २०११ मध्ये तिथल्या एका नामवंत कॉलेजने वाणिज्य न शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी १०० टक्क्यांची अट लावली तेव्हा देशभर आश्चर्य व्यक्त झाले. २०२१ पर्यंत अनेक कॉलेजांच्या पहिल्या यादीत १०० टक्के दिसू लागले. २०२२ पासून त्या विद्यापीठाने बारावीच्या गुणांवरील याद्या सोडून सामाईक प्रवेश परीक्षेचा मार्ग धरला.

दुसरी अडचण आपल्या जवळची आहे. एकाच यादीत वेगवेगळ्या मंडळांची मुले असतात, म्हणजे वेगवेगळ्या पट्ट्यांनी घेतलेली मापे एकाच रांगेत लावली जातात. महाराष्ट्र शासनाने २००८ मध्ये एका पर्सेंटाइल सूत्राने ही मापे एका पातळीवर आणण्याचा प्रयत्न केला. मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. २००९ मध्ये ९० टक्के जागा राज्य मंडळाच्या मुलांना राखण्याचा निर्णय झाला, तोही रद्द झाला. २०१० मध्ये 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आले. उच्च न्यायालयाने ते फेटाळले, पण सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ते ग्राह्य धरले. २०२१ मध्ये अकरावीसाठी वेगळी प्रवेश परीक्षा जाहीर झाली आणि ऑगस्टमध्ये तीही न्यायालयात टिकली नाही. तेरा वर्षे चाललेला हा वाद वरवर मंडळामंडळांतला दिसतो. मुळात तो दोन मोजपट्ट्यांची शून्ये जुळवण्याचा वाद आहे, आणि तो न्यायालयात सुटणारा नाही.

मग गुण निरुपयोगी का?

मुळीच नाही. इथे घाई करून चालणार नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातील सुमारे ८०,००० विद्यार्थ्यांची माहिती तपासून गायझर आणि सांतेलिसेस यांनी २००७ मध्ये दाखवले, की पुढच्या चार वर्षांतील प्रगतीचा अंदाज प्रवेश परीक्षेपेक्षा शाळेतील गुणांवरून अधिक चांगला येतो. कारण समजण्यासारखे आहे. तिथले शाळेचे गुण एका परीक्षेचे नसतात. अनेक वर्षे, अनेक शिक्षक आणि अनेक चाचण्या यांची ती सरासरी असते, आणि सरासरीत चुका एकमेकींना खोडतात. मात्र २०२० मध्ये त्याच विद्यापीठातील अध्यापकांच्या समितीला पहिल्या वर्षाच्या गुणांच्या बाबतीत उलटे चित्र दिसले. शाळा सढळ हाताने गुण देऊ लागल्यामुळे त्यांची अंदाज देण्याची शक्ती कमी झाली होती. म्हणजे एकच परीक्षा घ्या किंवा वर्षभराचे गुण घ्या, दोन्ही मोजपट्ट्यांना आपापले दोष आहेतच.

सर्व विद्यार्थी एकत्र घेतले तर गुण बरेच काही सांगतात. ४५ टक्के आणि ९५ टक्के यांत फरक आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण हेच विधान ९३.४ आणि ९३.६ यांना लागू पडत नाही. पहिली ते दहावीची सगळी मुले मैदानावर आणली तर उंच मुले अधिक उंच उडी मारतात असे स्पष्ट दिसेल. त्यांतली १६५ ते १६७ सेंटिमीटर उंचीची मुले तेवढी बाजूला काढा. आता उंचीवरून उडीचा अंदाज बांधता येणार नाही. पल्ला अरुंद केला की संबंध पुसट होतो. नामवंत कॉलेजच्या यादीच्या शेवटी नेमका असाच अरुंद पल्ला उरतो, आणि तिथेच आपण गुणांवर सर्वांत जास्त विसंबतो.

आमची तक्रार एवढीच आहे. गुण ही धान्य चाळण्याची चाळणी आहे. खडे आणि गहू ती वेगळे करते. तिचाच सोनाराचा काटा करून एकेक गहू तोलायला बसलो, तर दोष चाळणीचा नव्हे, आपला.

सोडतीचा एक प्रयोग

यावर उपाय काय? नेदरलँड्समध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या जागा मोजक्या आणि इच्छुक पुष्कळ अशी स्थिती १९७० च्या दशकात आली, तेव्हा त्यांनी एक धाडसी मार्ग काढला. शालान्त परीक्षेच्या सरासरी गुणांनुसार विद्यार्थ्यांचे गट पाडायचे आणि सोडत काढायची. वरच्या गटाला सोडतीत नाव निघण्याची शक्यता जास्त, खालच्या गटाला कमी, पण शून्य नाही. गुणांमुळे संधी वाढत असे. एका गुणाने ती संपत नसे.

ही पद्धतही वादातून सुटली नाही. १९९० च्या दशकात फार उत्तम गुण असलेली एक विद्यार्थिनी सोडतीत पुन्हा पुन्हा मागे राहिली आणि लोकांत असंतोष झाला. त्यानंतर १० पैकी ८ किंवा अधिक सरासरी असलेल्यांना थेट प्रवेश देण्याची तरतूद झाली. २०१७ मध्ये सोडत बंद करून मुलाखती, चाचण्या अशा निवडीचा मार्ग सक्तीचा झाला. त्या निवडीत सुस्थितीतील घरांच्या मुलांना अधिक फायदा मिळतो अशी टीका झाली, आणि २०२३ पासून सोडतीला पुन्हा परवानगी मिळाली.

आपल्याकडे सोडत म्हटली की "म्हणजे गुणवत्तेला काही किंमतच नाही का?" असा प्रश्न लगेच येतो. शिक्षण हक्क कायद्याखालच्या २५ टक्के जागांची सोडत आपण स्वीकारली आहे, पण तिथे गुणांचा प्रश्न नसतो. आमचे म्हणणे असे, की यादीच्या शेवटच्या काही जागांवर सोडत आजही होतेच. फक्त ती परीक्षकाच्या हातून, प्रश्नपत्रिकेच्या हातून आणि तीन तासांच्या त्या सकाळी होते, आणि तिला आपण गुणवत्ता म्हणतो. उघड सोडतीत हरलेल्या मुलाला निदान आपण कमी आहोत असे वाटत नाही. नेदरलँड्सची पद्धत जशीच्या तशी उचलावी, असे आम्ही सुचवत नाही. परंतु पाच-सात गुणांच्या आतील विद्यार्थी समान मानावेत, आणि त्यांच्यातली निवड घरापासूनचे अंतर, विषयाची आवड किंवा सोडत अशा उघड निकषांवर करावी, याचा विचार व्हायला हरकत नसावी.

आणखी एक गोष्ट पालकांना सांगण्यासारखी आहे. २०२५ मध्ये अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रथमच संपूर्ण राज्यासाठी झाले. दहावी उत्तीर्ण झालेले विद्यार्थी सुमारे साडेचौदा लाख होते आणि अकरावीच्या जागा वीस लाखांहून अधिक. जागांची टंचाई राज्यात नाही. ती मोजक्या कॉलेजांच्या दारात आहे, आणि एका गुणाची किंमतही तेवढ्या दारातच आहे. तिथे रांग लावणारा प्रत्येक जण ती किंमत आणखी वाढवतो.

शिक्षकांना काय करता येईल?

प्रवेशाचे नियम शिक्षक ठरवत नाहीत. पण एक प्रयोग कोणत्याही शाळेत करता येईल. सहामाहीतील एका उत्तरपत्रिकेवरचे नाव आणि गुण झाकून तिच्या सहा प्रती काढा. त्या विषयाच्या सहा शिक्षकांना, शेजारच्या शाळेतील धरून, त्या वेगवेगळ्या तपासायला द्या. आदर्श उत्तरे सोबत द्या, म्हणजे कोणाला तक्रारीला जागा राहणार नाही. मिळालेले सहा आकडे शिक्षक खोलीतल्या फळ्यावर लिहा आणि सर्वांत मोठ्या आकड्यातून सर्वांत लहान वजा करा. जी संख्या येईल ती पालकसभेत, निकालाच्या आधी, जरूर सांगा. दहावीच्या वर्गालाही सांगा. गणिताच्या शिक्षकांनी त्यावरून वरची √५ ची आकडेमोड मुलांकडून करून घेतली तर संख्याशास्त्राचा एक चांगला तासही होईल.

त्या मुलीला आज उत्तर द्यायचे झाले तर आम्ही एवढेच सांगू : त्या एका गुणात, तुला येत नव्हते असे काहीही नव्हते. तो गुण आमच्या मोजपट्टीच्या चुकीत मोडतो. तुझी जागा गेली हे खरे आहे आणि ती आम्हाला परत देता येत नाही. पण त्या ४६८ वाल्या मुलापेक्षा तू कमी आहेस, असे आमच्या गुणपत्रिकेने कधीच सिद्ध केलेले नाही.

हे तिला निकालाच्या दिवशीच सांगायला हवे होते. यंदाच्या मुलांना तरी ते वेळेवर सांगू या.